तुम्ही सांगितला समुद्र, मी लिहिला पाऊस

आवं, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. दहा फुटी. मागं निळाशार समुद्र, त्यावर पांढरं प्रवासी जहाज आणि कोपऱ्यात दोन नारळाची झाडं. तुम्ही जन्मभर कोळसा, खत आणि लोखंड वाहणाऱ्या जहाजांवर घासलात, पण फ्लेक्सवाल्याला ते कोण सांगणार? वर मोठ्या अक्षरात 'समुद्राचा राजा हरपला'. खाली हात जोडलेले बारा फोटो. त्यात दिनकरचा सगळ्यात मोठा, तुमच्यापेक्षा जेमतेम बोटभर लहान. ज्या दिनकरनं तुम्हाला बागायतदारांच्या ग्रुपवरून काढलं, तोच आता शोकाकुल.

अंगणवाडीला जाताना मला त्याच्याखालून जावं लागतं. आज मान वर केली नाही. केली असती तर तिथंच उभी राहून काहीतरी बोलून बसले असते, आणि सोबत पाच-सहा पोरं होती.

पण दिनकरवरचा राग दुसऱ्या नंबरचा. पहिला तुमच्यावर आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं असतं, ते मला ठाऊक आहे. चांगलं बोलणारे बारा जण फ्लेक्सवर आहेतच. मला भांडायचंय, आणि ते मी कागदावर भांडणार, कारण समोरासमोर तुम्ही कधी पुरतं भांडू दिलं नाहीत. अर्ध्यात उठून गोठ्यात जायचात.

तीस वर्षं तुम्ही पाण्यावर आणि मी तासगावच्या पूर्वेला ह्या गावात, जिथं उन्हाळ्यात टँकर आला की घागरी पळवायच्या. खलाशी म्हणून लागलात आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरलात. वर्षातून दोन-अडीच महिने घरी. तुमच्याबरोबर एकदाही समुद्र बघितला नाही मी. बघितला तो एकदाच, अंगणवाडी सेविकांच्या सहलीत गणपतीपुळ्याला, आणि तेव्हा तुम्ही मलाक्काच्या पलीकडं कुठंतरी होतात. मला घेऊन चला म्हटलं की तुमचं ठरलेलं, "त्यात काय बघायचं हाय? नुसतं पाणी."

नुसतं पाणी! आणि निवृत्त होऊन घरी आलात तर सकाळी उठल्या उठल्या दुसरा विषय नाही. चहा ठेवायच्या आधी चष्मा, चष्म्याआधी मोबाईल. उपग्रहाचं चित्र, मग खलाशांसाठी असतो तो समुद्राचा हवामान अहवाल. आधी अरबी समुद्र, मग बंगालचा उपसागर, मग विषुववृत्ताखालचा हिंदी महासागर. हा क्रम कधी मोडला नाही. मी भाकरी थापत असायची आणि तुम्ही सांगत असायचात. लक्षद्वीपला वारा किती, मालदीवच्या दक्षिणेला लाट किती, पाणी किती अंश.

त्यातूनच मला समुद्र पाठ झाला, हे मात्र कबूल करते. विषुववृत्ताजवळ आठ-आठ दिवस वारा नसतो, पाणी कढईतल्या तेलासारखं पडून असतं, आणि मध्येच एका जागी खांबासारखा पाऊस कोसळतो. जहाज बाजूनं कोरडं निघून जातं. त्याच्या वर-खाली असे पट्टे आहेत की तिथं महिनाभर वारा एकाच दिशेनं वाहतो आणि दोरीवरचे कपडे तिरपे वाळतात. आषाढात सोमालियाच्या बाजूला लाटा घराएवढ्या. पावसाळा संपला की अरबी समुद्र पुन्हा तापतो, आणि तुमच्याच शब्दांत सांगायचं तर, "पानी तापलं की समुद्र कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई." मी दहावी शिकलेली बाई, पण भूगोलाच्या मास्तरांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. भाकरी करपायच्या, मी ओरडायची, आणि तरी ऐकत राहायची.

जहाजावर रोज ठरलेल्या वेळी तुम्ही समुद्रात बादली सोडायचात, वर ओढून त्यात तापमापी धरायचात आणि आकडा ओरडून सांगायचात. जहाजावरचा साहेब तो लिहून घ्यायचा आणि आकडा पुढं हवामानवाल्यांना जायचा. एकदा लाटा फार होत्या म्हणून साहेब म्हणाला, कालचाच आकडा टाकूया. तुम्ही ऐकलं नाहीत. दोरी कमरेला बांधून बादली टाकलीत, आणि त्याच खेपेला दोरीत सापडून उजव्या हाताची दोन बोटं चेपली. फरक किती पडला होता आकड्यात? अर्धा अंश. अर्ध्या अंशासाठी दोन बोटं घालवणारा माणूस माझ्या पदरात होता आणि मला त्याचा अभिमान होता. आता त्याच अभिमानाचा राग येतोय.

त्या बोटांमुळंच सगळं सुरू झालं. मोबाईलवर बोट ठेवलं की तुमची तीन-तीन अक्षरं उमटायची. मग तुम्ही सांगणार आणि मी ग्रुपवर लिहिणार असं ठरलं. मला अंगणवाडीच्या ॲपमुळं सवय होती. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलंत तसं शेवटचं वाक्यही मी लिहिलं, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' सगळा गाव हसला. कुणीतरी विचारलं, तात्या, आमच्या विहिरीत उतरलं तर चालंल का? पाणी न्हाईच तिच्यात, पण विचारून ठेवतो. तुम्हीही हसलात.

मग पहिल्याच हिवाळ्यात द्राक्षं फुलोऱ्यात असताना तुम्ही सांगितलंत की समुद्रातलं एक कमी दाबाचं क्षेत्र इकडं वळतंय. ज्यांनी ऐकून आधीच फवारणी केली त्यांच्या बागा वाचल्या. त्या दिवसापासून हसणं बंद झालं. आपल्या ओसरीवर माणसं यायला लागली, दिनकर तर रोज. चहाला आधण ठेवून ठेवून माझा जीव गेला, पण बरं वाटायचं. तीस वर्षं जो माणूस गावाला पाहुण्यासारखा होता, त्याला गाव विचारत होता.

फक्त त्यांना विचारायचं असायचं एकच. येणार का नाही? आणि तुम्हाला एका शब्दात उत्तर देता येत नसे. तुम्ही सांगायचात की असं झालं तर असं, तसं झालं तर तसं, उद्या सकाळी कळेल. मी लिहायची. मग दिवसभर फोन माझ्या फोनवर. वहिनी, ते तात्यांचं वाचलं, पण म्हंजे येणार का न्हाई? पोरांना खिचडी वाढता वाढता मी उत्तरं देत बसायची. माझ्या ॲपमध्ये सगळं हो किंवा नाही असतं. मूल आलं का, हो. वजन घेतलं का, हो. आजारी आहे का, नाही. हो-नाहीची सवय लागली की 'तर' बघून चीड येते.

ती सकाळ. मार्गशीर्ष होता, बागा फुलोऱ्यात. मी चुलीपुढं, अंगणवाडीत त्या दिवशी तपासणीला बाई येणार होत्या, मला उशीर झालेला. तुम्ही खुर्चीत. तुमचं एकेक वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे. "लक्षद्वीपच्या पश्चिमेला कमी दाब हाय. पानी एकोणतीस अंश. आता सरळ पश्चिमेला चाललंय. असंच गेलं तर आपल्याकडं काय न्हाई. पर वरनं पश्चिमेचं वारं खाली उतरलं तर ते मान वळवंल, मग तिसऱ्या दिवशी आपल्यावर. उद्या सकाळी कळंल. तवर औषध आणून ठेवा, फवारणीचा ब्लोअर तयार ठेवा."

मी काय लिहिलं? 'अरबी समुद्रात कमी दाब. पश्चिमेला जात आहे. आपल्याकडे पाऊस नाही.' आणि पाठवून फोन पिशवीत टाकला. एवढंच. कुठली मोठी गोष्ट नव्हती, मला वेळ नव्हता आणि फोन नको होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं मान वळवली. तुम्ही सकाळी चित्र बघितलंत आणि नुसतं "लिही" म्हणालात. मी लिहिलं, पाऊस येतोय, फवारणी करा. पण काल नाही म्हणून आज हो, लोकांनी निम्मं हसण्यावारी नेलं. ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्याकडं औषध नव्हतं, कारण आणून ठेवा हे कुणी सांगितलंच नव्हतं. तासगावात दुकानापुढं रांग लागली. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि दोन दिवस झड लागली. पुढच्या आठवड्यात घड हातात घेतला की गळून येत होता. डावणी, घडकूज, जे रोग पडायचे ते सगळे.

आणि मग दूध डेअरीवर, पंधरा-वीस माणसांत, दिनकर तुम्हाला म्हणाला, "बोटी बुडवून आला आन् आता गाव बुडवाय निघालाय." मी कोपऱ्यावरच्या दुकानात होते, मला ऐकू आलं. तुमची पाठ दिसत होती. मी वाट बघितली. आता बोलतील, आता सांगतील, की मी असं म्हटलंच नव्हतं. तुम्ही किटली उचललीत, झाकण नीट बसवलंत आणि चालत घरी आलात.

मी पण गेले नाही पुढं. तेही लिहिते. दुकानातून डेअरी वीस पावलं. मी साबणाची वडी घेतली आणि मागच्या बोळानं घरी आले. घरी येऊन तुमच्यावर ओरडले. का नाही सांगितलंत? ग्रुपवर माझं नाव घ्यायचं होतं! तुम्ही म्हणालात, "त्यांची पोरं तुझ्याकडं येत्यात. उद्या पाठवायची बंद करतील. माझं काय, मी हितं तसाबी पाहुनाच."

पाहुणा! आवं, कुणी ठरवलं ते? मला विचारलंत का, तुझ्यासाठी शिव्या खाऊ का म्हणून? तीस वर्षं तुम्ही एकटे ठरवत आलात. कुठल्या जहाजावर जायचं, कधी यायचं, बोटं चेपली ते घरी कळवायचं का नाही. मला ते सहा महिन्यांनी दिसलं, स्टँडवर पिशवी डाव्या हातात बघून. आणि शेवटी माझी चूकसुद्धा तुम्ही मला न विचारता घेऊन टाकलीत. माझी होती ती. मला तिचं काहीतरी करता आलं असतं. दिनकरच्या तोंडावर सांगता आलं असतं, चार दिवस पोरं आली नसती, पाचव्या दिवशी आली असती. गावात दुसरी अंगणवाडी आहे कुठं?

पण हे सगळं मी आता म्हणतेय. तेव्हा तुम्ही 'राहू दे' म्हणालात आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ह्याची लाज मी कुणाला दाखवू?

ग्रुपवरून काढल्यावरही तुमचा सकाळचा क्रम सुरूच होता. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, हिंदी महासागर. आता कुणाला पाठवायचं नव्हतं, म्हणून चहा घेऊन पहिल्यापासूनच्या त्या रोजच्या नोंदवहीत लिहायचात आणि मला ऐकवायचात. मी कधी 'हं' म्हणायची, कधी तेवढंही नाही. मला त्या समुद्राचा राग यायला लागला होता. एकदा तर मी म्हणाले, बंद करा ते, कुणाला पडलंय त्याचं? तुम्ही वही मिटलीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलीत. त्या दिवसापासून मात्र मोठ्यानं वाचलं नाहीत.

मग तुमचं ते शेवटचं दुखणं. मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. मी ठरवून गेले होते की आज बोलायचं, की मी गावाला सांगणार आहे. तेवढ्यात नर्सबाई आल्या, मग तुमचा भाचा आला, मग तुम्हाला झोप लागली. जागे झालात तेव्हा खिडकीकडं बघून विचारलंत, वारा कुठला हाय? मी म्हटलं, पंखा आहे तो. तुम्ही हसलात. शेवटचं बोलणं ते. पंखा आहे तो! एवढ्या वर्षांच्या संसाराचं माझं शेवटचं वाक्य.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात शोकसभा झाली. दिनकर बोलायला उभा राहिला. तात्यांनी गावाला समुद्र दाखवला म्हणाला. एखाद्या वेळी अंदाज चुकला असंल, पण माणूस देवासारखा, म्हणाला. एखाद्या वेळी चुकला असंल! तेवढं ऐकलं आणि मी उठले. बायकांच्या रांगेतून आजवर कुणी उठून बोललं नव्हतं, मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "ह्यांचा अंदाज चुकला न्हवता. वळलं तर पाऊस येईल, औषध आणून ठेवा, असं हे म्हणाले होते. मी अर्धंच लिहिलं. चूक माझी हाय."

मला वाटलं, आता शिव्या बसतील. तयार होते मी. दिनकर माझ्याकडं आला, चप्पल बाजूला काढून, आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, बसा तुमी. माणूस गेला, आमच्या मनात आता काय न्हाई. त्यांची चूक तुमी अंगावर घ्याय नगा."

मागून कुणीतरी पदर धरून मला खाली बसवलं. कुणी डोळे पुसले. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं म्हणणंही कानावर आलं. आवं, मी खरं बोलले आणि पतिव्रता ठरले! दीड वर्ष तुम्ही गप्प बसलात, त्यामुळं आता गावाला खरं सांगितलं तरी ते गावाला बायकोची माया वाटते. तुमच्या गप्प बसण्यानं माझी चूक तुमच्या नावाला चिकटली ती चिकटलीच. हा फ्लेक्स उतरेल, पण 'तात्यांचा एकदा अंदाज चुकला' हे गावात राहणार. तुमचा! अर्ध्या अंशासाठी बोटं घालवणाऱ्याचा.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, उद्या वही आणून दाखवते. वहीत तुमच्या हातानं, तुम्ही सांगितलंत तसं सगळं लिहिलेलं असणार, ह्याची मला खात्री होती.

सकाळी ट्रंकेतून वही काढली. मार्गशीर्षाचं पान उघडलं. वारा, लाट, पाण्याचे अंश, सगळं जिथल्या तिथं. आणि शेवटी, 'पश्चिमेला जात आहे. आपल्याकडे पाऊस नाही.'

माझं वाक्य. जसंच्या तसं. 'आपल्याकडे' सुद्धा माझंच. तुम्ही जन्मात 'आपल्याकडं'शिवाय काही म्हटलं नाहीत. शिवणीपाशी बोट फिरवलं तर मूळचं पान धाग्यालगत कापून काढलेलं आणि हे डिंकानं चिकटवलेलं. मग आठवलं. डेअरीवरून आलात त्या दुपारी तुम्ही माझा फोन मागून घेतला होता आणि बराच वेळ घेऊन बसला होतात. मला वाटलं, शिव्या वाचताय.

कुणी कधी वही बघितली तर तीही माझ्या बाजूनं बोलावी म्हणून केलंत ना हे? आवं, मी मांडी घालून ट्रंकेपाशी बसले आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण धावत आली. तुमच्या साहेबाला सांगितलं असतं कुणी, की ह्या माणसानं खोटी नोंद केली, तर साहेब हसला असता. आणि तुम्ही केलीत. माझ्यासाठी. कसं फेडू मी हे? आणि फेडायला आहात कुठं तुम्ही?

शेजारीण गेल्यावर मी पेन घेतलं. माझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरात मी एकदा खाडाखोड केली होती, तेव्हा तुम्ही दरडावून सांगितलं होतं. नोंद चुकली तर गिरगटायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं. आणि ज्यानं दुरुस्ती केली त्यानं खाली पूर्ण नाव घालायचं, म्हणजे जाब विचारायला माणूस सापडतो. मी पट्टी ठेवून रेघ मारली. त्याखाली तुमची सगळी वाक्यं लिहिली, तुम्ही बोललात तशी, एकही शब्द न गाळता, 'तर' सकट. मग लिहिलं की ग्रुपवरचा मजकूर मी माझ्या मनानं तोडला, सांगणाऱ्याचा त्यात दोष नाही. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, मला तिथून कुणी काढलं नव्हतं. अजून कुणी काही लिहिलेलं नाही. कुणाला पटेल, कुणाला पुन्हा माया वाटेल. पण नोंद आता खरी आहे.

सही करताना मात्र हात अडला. निदान ही एक चूक तरी मला माझ्या एकटीच्या नावावर घ्यायची होती. सुमन लिहिलं, पुढं आडनाव लिहायला गेले, तर पूर्ण नाव पाहिजे. मध्ये तुमचं नाव लिहावंच लागलं.